काळ्या रानातले लष्करी बटण आणि त्याचे वय

भोकरदन तालुक्यातील असई गावाजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी ब्रिटिश सेनानी आर्थर वेलस्लीच्या फौजेची शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशी लढाई झाली. पुढे जालना, औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, या ठिकाणी हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेल्या फौजेच्या, छावण्या बराच काळ होत्या. मराठवाड्याच्या शिवारात नांगरटीच्या वेळी किंवा धातुशोधक यंत्राने गणवेशाचे जुने बटण हाती लागले, तर ते यांपैकी कोणत्या काळातले, हा प्रश्न त्यामुळे साहजिकच पडतो.

वस्तू जितकी खोल तितकी जुनी, ही सर्वसाधारण समजूत आपल्या काळ्या जमिनीत उपयोगाची नाही. बेसाल्ट खडक झिजून तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज भरपूर असते. ते पावसाळ्यात पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे रानाला पडणाऱ्या भेगा कधी कधी मीटरभर खोल जातात. वरची माती आणि तिच्यातल्या बारीक वस्तू या भेगांत पडतात, पावसाने भेगा मिटतात आणि फुगणारी माती खालचे थर पुन्हा वर रेटते. ही उलथापालथ दरवर्षी चालू असल्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीचे बटण वीतभर खोलीवर आणि कालपरवाचे बटण त्याच्या खाली सापडणे अशक्य नाही. बटणाचे वय बटणातच शोधावे लागते, ते याच कारणाने.

माझ्या मते आधी मागची बाजू पाहावी, कारण पुढचा ठसा माणसाला फार लवकर निष्कर्षाकडे ओढतो. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश पायदळातील साध्या शिपायाचे बटण प्यूटरचे, म्हणजे मुख्यतः कथलाच्या मिश्रधातूचे, असे. ते सपाट आणि साच्यात ओतलेले असून शिवण्यासाठी मागे कडी असे. अधिकाऱ्यांची बटणे मात्र सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा दिलेली असत. पत्र्याचे दोन भाग कडेला दुमडून बसवलेली, आतून पोकळ आणि वरून फुगीर बटणे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत रुळली, आणि साध्या शिपायांसाठी पितळ आले ते १८५५ मध्ये. मागे कारखानदाराचे नाव कोरलेले असेल तर ते अक्षर न् अक्षर वाचावे. नावापुढे ‘लिमिटेड’ असे लिहिलेले बटण असईच्या लढाईतले असू शकत नाही, कारण ब्रिटनमध्ये मर्यादित दायित्वाचा, म्हणजे कंपनीच्या कर्जाची भागधारकांवरील जबाबदारी मर्यादित ठेवणारा, सर्वसाधारण कायदाच १८५५ मध्ये झाला.

यानंतर समोरचा आकडा पाहावा. ब्रिटिश पलटणींच्या बटणांवर त्यांचा क्रमांक घालण्याचा हुकूम १७६७ चा आहे, आणि साध्या शिपायांच्या बटणांवरून हे क्रमांक १८७१ मध्ये जाऊन राजचिन्हाचा समान ठसा आला. हा आकडा निर्णायक वाटतो, पण आकडे पुन्हा पुन्हा वापरले गेले आहेत. असईला लढलेली ७४वी पलटण १७८७ मध्ये उभारली गेली, पण त्याआधी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातही याच क्रमांकाची एक पलटण होती. मराठवाड्यात हा घोळ आणखी वाढतो. असईत वेलस्लीकडे १९वे हलके ड्रॅगून घोडदळ होते, ते १८२१ मध्ये मोडण्यात आले. शंभर वर्षांनी, १९२२ च्या पुनर्रचनेत, जुन्या हैदराबाद कंटिन्जंटच्या पायदळाची जी रेजिमेंट बनली तिलाही १९ हाच क्रमांक मिळाला, आणि १९४५ मध्ये तीच कुमाऊं रेजिमेंट झाली. ९४ या आकड्याचेही तसेच आहे. १८०३ च्या मोहिमेत ९४वी स्कॉटिश पलटण वेलस्लीच्या जोडीने दुसरी फौज चालवणाऱ्या कर्नल स्टीव्हन्सनच्या हाताखाली होती, तर १९०३ मध्ये कंटिन्जंट भारतीय सैन्यात विलीन झाल्यावर ९४वी रसेल्स इन्फन्ट्री हे नाव आले. अशा वेळी निर्णय धातू आणि घडण देतात. सपाट ओतीव प्यूटर असेल तर पहिली शक्यता धरावी, पोकळ पितळ असेल तर दुसरी.

ठशात मुकुट असल्यास त्याच्या कमानी पाहाव्यात. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मुकुटाच्या कमानी साधारणपणे मधोमध दबलेल्या दिसतात, तर १९०१ नंतरच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर उठलेल्या असतात.

हे सर्व वाचता यावे म्हणून सापडलेले बटण चिंच किंवा लिंबू लावून घासू नये. पितळावरचा हिरवा थर बहुधा तांब्याच्या कार्बोनेटचा असतो आणि पुष्कळदा ठशाचे बारीक तपशील त्याच थरात टिकून राहिलेले असतात. आम्लाने तो थर जातो, उरलासुरला मुलामाही जातो. ऊर्ध्वपातित पाणी (डिस्टिल्ड वॉटर) आणि मऊ कुंचला एवढे पुरेसे आहे. फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा सुटत असेल, तर आतील क्लोराइड हवेतील दमटपणाशी प्रक्रिया करून धातू खात आहे असे समजावे, आणि बटण कोरड्या डबीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह ठेवून संवर्धन तज्ज्ञाला दाखवावे.

खोलीला अर्थ नसला, तरी जागेला मोठा अर्थ आहे. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्न या रणभूमीवर १९८३ च्या वणव्यानंतर पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रांच्या साह्याने पाहणी केली आणि प्रत्येक गोळी व काडतुसाची जागा नकाशावर मांडून १८७६ च्या लढाईतील हालचाली उलगडल्या. असईसारख्या ठिकाणी बटणे आणि शिशाच्या गोळ्या कुठे दाट व कुठे विरळ आहेत, यावरून पलटणींच्या रांगा शोधता येतील, पण त्या जागच्या जागी नोंदल्या गेल्या तरच. खिशात घालून नेलेल्या बटणाचे फार तर वय कळते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणे गुन्हा आहे. इतर जमिनीतही दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडल्यास भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि त्या सूचनेत वस्तूच्या स्वरूपाबरोबरच ती सापडल्याचे ठिकाण आणि तारीखही द्यावी लागते.