डिस्टोपियन साहित्यातील तंत्रज्ञान आणि सेन्सॉरशिप

डिस्टोपियन, म्हणजे भयावह भावी समाज रंगवणाऱ्या कादंबरीत सेन्सॉरशिपचे कारखान्यासारखे वर्णन येते: मजकूर कुठून येतो, कोणाच्या हातातून जातो, नष्ट कुठे होतो. नायक बहुधा या कारखान्याचाच नोकर असतो. मूळ मजकूर शेवटचा पाहणारा माणूस तोच, म्हणून कथाही त्याच्यापाशीच सुरू होते.

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये (१९४९) ही साखळी सर्वांत बारकाईने येते. जुनी वर्तमानपत्रे बदलणारा सरकारी नोकर विन्स्टन स्मिथ याच्या टेबलाजवळ तीन तोंडे आहेत: लेखी सूचनांसाठी हवेच्या दाबावर चालणारी लहान नळी, वर्तमानपत्रांसाठी मोठी नळी आणि रद्दीसाठी जाळी लावलेली आडवी फट. या फटीला सगळे ‘मेमरी होल’ म्हणतात; तिच्यात टाकलेला कागद गरम हवेच्या झोताबरोबर भट्टीत जातो. सूचनेची चिठ्ठी आली की स्मिथ जुना अंक मागवतो, बोललेले टिपून घेणाऱ्या ‘स्पीकराइट’वर दुरुस्ती सांगतो, ती अंकाला जोडून परत पाठवतो आणि चिठ्ठी व टिपणे फटीत टाकतो. मग तो अंक नव्याने छापतात, मूळ प्रती नष्ट करतात, दुरुस्त प्रत दप्तरी लावतात. खोटे लिहा, असे सूचनेत कधीच नसते. छपाईची चूक, चुकीचे उद्धरण अशीच भाषा असते, आणि ऑर्वेलची खरी नजर इथे दिसते.

सगळी यंत्रणा अडते ती एका उरलेल्या प्रतीपाशी. तीन माजी नेत्यांचे कबुलीजबाब खोटे ठरवणारा वर्तमानपत्राचा कपटा स्मिथच्या हाती येतो. समोर टेलिस्क्रीन, म्हणजे माणसावर नजर ठेवणारा पडदा आहे; त्याचा आवाज कमी करता येतो, तो पूर्ण बंद होत नाही. पुरावा तो स्वतःच फटीत टाकतो.

रे ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट ४५१’मधली (१९५३) पद्धत त्यामानाने ढोबळ आहे: पुस्तके जाळायची. पण मिटलेल्या जाड पुस्तकात हवा शिरत नाही. कडा काळवंडतात, आतली पाने वाचतात. तिथे पुस्तके जाळण्याचेच काम करणारे अग्निशामक रॉकेल फवारतात, ते योग्यच. पण माँटॅग हा जाळणाराच पुस्तके घरी नेतो. त्याचा वरिष्ठ बीटी सांगतो की सुरुवात सरकारी हुकमाने झालीच नाही; लोकांनी आधी वाचणे सोडले. माँटॅगच्या घरी तीन भिंती टीव्हीने व्यापलेल्या आहेत आणि बायकोला चौथी हवी आहे.

आल्डस हक्स्लेच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये (१९३२) पुस्तके जाळावी लागतील इतके वाचकच उरत नाहीत. आठ महिन्यांच्या बाळांसमोर पुस्तके आणि फुले ठेवतात, मग भोंगा वाजवून सौम्य विजेचा झटका देतात. असे धडे सुमारे दोनशे वेळा होतात. बंदी घातलेली पुस्तके नियंत्रक मुस्तफा माँडच्या तिजोरीत असतात. तो ती वाचतो, आणि शास्त्रीय निबंधावर ‘प्रसिद्ध करू नये’ असा शेराही तोच मारतो.

येव्गेनी झाम्यातिनच्या ‘वुई’मध्ये घरांच्या भिंती काचेच्या आहेत. १९२१ च्या सुमारास पूर्ण झालेली ही कादंबरी इंग्रजीत १९२४ मध्ये आली; सोव्हिएत संघात ती छापायला १९८८ उजाडले.

डिजिटल पुस्तकात भट्टीही लागत नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने विक्रेत्याकडे हक्क नसल्याच्या कारणावरून ‘नाइन्टीन एटी-फोर’च्या काही विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडल या ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्रावरून दुरूनच पुसल्या आणि पैसे परत केले. एका विद्यार्थ्याने पुस्तकावर केलेली टिपणे तेवढी मागे राहिली. ती ज्या ओळींवर होती, त्या गेल्या.