फळे व कर्करोगप्रतिबंध (बेळगाव सीमाभाग)

नियमित फळे खाणाऱ्यांना काही प्रकारच्या कर्करोगांचा धोका थोडा कमी असतो, या निरीक्षणावर आधारलेली आहारविषयक समजूत. यातला ‘थोडा’ हा शब्द बोलण्याच्या ओघात गळून पडतो आणि मग जांभळापासून हनुमानफळापर्यंत सगळेच ‘कॅन्सरवरचे औषध’ ठरते.

वैज्ञानिकांचा सूरही काळाबरोबर खाली आला आहे. जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या १९९७ च्या अहवालात फळांच्या बाजूचा पुरावा भक्कम मानला गेला होता. २००७ आणि २०१८ च्या अहवालांनी तो बराच सौम्य केला. युरोपातील १० देशांतल्या पावणेपाच लाखांहून अधिक लोकांच्या ‘एपिक’ अभ्यासाचे आकडे २०१० साली आले. रोजची फळे आणि भाज्या मिळून २०० ग्रॅमने वाढली, तर एकूण धोक्यातली घट तीन-चार टक्क्यांच्या घरात निघाली. तोंड, घसा, अन्ननलिका आणि जठर यांच्या कर्करोगांबाबत फळांचा उपयोग तुलनेने अधिक संभवतो. क जीवनसत्त्व जठरात नायट्रोसामाइनसारखी घातक संयुगे तयार होण्यास अडथळा करते, तर तंतुमय पदार्थांमुळे मोठ्या आतड्यातला मळ लवकर पुढे सरकतो. जांभळा-करवंदांच्या रंगातली अँथोसायनिन, कोकमातले गार्सिनॉल आणि द्राक्षातले रेझव्हेराट्रॉल काचपात्रातल्या कर्कपेशींवर परिणाम करतात. पण पेशीवर ओतलेला अर्क आणि पोटात गेलेले फळ यांत मोठे अंतर आहे. अँथोसायनिनचा तर अगदी लहान अंशच रक्तात उतरतो.

सीमाभागात फळांची वाण नाही. उन्हाळा सरता सरता खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या बायका बुट्टीतून करवंदे-जांभळे बाजारात आणतात. पूर्वेला अथणीकडे द्राक्षबागा आहेत. महागडी परदेशी फळे शोधण्याची गरज नसते. साध्या पेरूच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे संत्र्याच्या जवळपास चौपट. जागतिक आरोग्य संघटना फळे आणि भाज्या मिळून रोज किमान ४०० ग्रॅम खाण्यास सांगते. रस काढला की चोथ्याबरोबर तंतू जातात आणि साखर तेवढी उरते.

याच भागात निपाणी आहे. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८१ साली झालेल्या आंदोलनामुळे हे नाव महाराष्ट्रभर पोचले. तंबाखूवर घरे चालली, पोरे शिकली. त्यामुळे तिच्याविषयी बोलणे येथे सोपे नसते. तरी मळून खाल्लेली तंबाखू, दातांना लावलेली मिसरी आणि विडी ही कर्करोगाची सिद्ध कारणे आहेत, आणि त्यांच्यापुढे फळांचे संरक्षण फारच तोकडे पडते. ‘विडी ओढतो, पण रोज फळ खातो’ हा हिशेब जुळत नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवरच्या चाचणीत, फळांत आणि भाज्यांत असणारे बीटा-कॅरोटीन हे रंगद्रव्य गोळीच्या रूपात घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला (१९९४). अमेरिकेतली तशीच एक चाचणी १९९६ मध्ये याच कारणाने आवरती घ्यावी लागली. सुपारीचे खांड हेही एका फळाचेच बी. तंबाखूशिवाय खाल्लेली सुपारीसुद्धा कर्करोगजनक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले.

हनुमानफळाच्या (लक्ष्मणफळाच्या) पानांचा काढा रुग्णांना देण्याची प्रथा अलीकडे बोकाळली आहे. या काढ्याने माणसाचा कर्करोग बरा होतो, असा विश्वसनीय पुरावा नाही. उलट या झाडातल्या अॅनोनासिनचा संबंध कॅरिबियन बेटांवरील कंपवातासारख्या विकाराशी जोडला गेला आहे. कर्करोगावर म्हणून सुचवल्या जाणाऱ्या जर्दाळूच्या बियांतून शरीरात सायनाइड तयार होते, त्यामुळे तो ‘उपाय’ तर थेट विषबाधेचा आहे. केमोथेरपी चालू असताना प्रतिकारशक्ती घटलेली असते. अशा वेळी फळे स्वच्छ धुऊन, शक्यतो सोलून द्यावीत आणि कोणताही काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.