स्केल मॉडेल : लष्करी विमानांचे

खऱ्या लष्करी विमानाची ठरावीक प्रमाणात लहान केलेली, न उडणारी प्रतिकृती. ती बहुधा पॉलिस्टायरिन प्लॅस्टिकच्या सुट्या भागांच्या संचापासून जोडतात व रंगवतात. उडत्या प्रतिकृतींचे एरोमॉडेलिंग, जे एनसीसीच्या हवाई शाखेतही शिकवतात, ते यापासून वेगळे. तेथे वजन आणि उड्डाण महत्त्वाचे, येथे आकार आणि रंग. नागपूरच्या वायुसेनानगरात भारतीय हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे. त्यामुळे शहरातील छांदिष्टांचा ओढा हवाई दलाने वापरलेल्या विमानांकडे असणे स्वाभाविक आहे.

१:७२ हे प्रमाण कोणी रूढ केले याविषयी एकमत नाही. इंग्लंडमधील स्कायबर्ड्स या लाकडी संचांना, म्हणजे १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांना, त्याचे श्रेय बहुधा दिले जाते. सहा फुटांचा माणूस एक इंचाचा होतो, ही सोय त्यामागे असावी. १९३६ च्या सुमारास फ्रॉग या ब्रिटिश कंपनीने ‘पेंग्विन’ या नावाने सेल्युलोज ॲसिटेटचे संच आणले; प्लॅस्टिकच्या जोडसंचांत ते सर्वांत आधीचे मानले जातात. हे प्लॅस्टिक काळानुसार वाकते, म्हणून सरळ राहिलेले नमुने आज क्वचित दिसतात. दुसऱ्या महायुद्धात विमाने ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकी नौदलाने १९४२ पासून शाळकरी मुलांकडून याच प्रमाणाच्या लाकडी प्रतिकृती करून घेतल्या आणि प्रमाण पक्के झाले. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीच्या पहिल्या स्पिटफायर (ब्रिटिश लढाऊ विमान) संचाचे वर्ष जुन्या नोंदींत १९५३, तर नंतरच्या नोंदींत १९५५ असे आढळते. यांपैकी दुसरे अधिक ग्राह्य वाटते. हा संच अमेरिकेतील ऑरोरा कंपनीच्या १:४८ संचावरून लहान केला असावा, असेही मत आहे.

आज १:७२ आणि १:४८ ही प्रमाणे सर्वाधिक चालतात. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मी.; तो १:७२ मध्ये सुमारे १० सेंमी., १:४८ मध्ये सुमारे १५ सेंमी. होतो. सुखोई-३० एमकेआय १:४८ मध्ये साधारण ४५ सेंमी. लांब होते, म्हणून कपाटाची खोली आधी मोजावी. पत्र्याच्या सांध्यांच्या रेषा बहुतेक संचांत प्रमाणाबाहेर रुंद असतात : १:७२ मधील ०.३ मिमी. रेषा खऱ्या विमानावर २ सेंमी.ची फट ठरेल.

जोडणीपूर्वी भाग सौम्य साबणाच्या पाण्याने धुतात; साच्याचे तेलकट द्रव्य राहिले तर रंग टेपबरोबर उपटून येतो. स्प्रूपासून (भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीपासून) भाग तोडताना १ मिमी. देठ ठेवून उरलेला पात्याने व नंतर ४००, ६००, १००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने काढतात. पातळ सिमेंट म्हणजे द्रावकच. कोरडे जुळवलेल्या सांध्यात ते केशाकर्षणाने शिरते आणि प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करते. सांधा किंचित दाबल्यावर मऊ प्लॅस्टिकची बारीक कड वर येते. ती किमान २४ तास वाळू द्यावी. घाईने घासल्यास पृष्ठभाग सपाट दिसतो, पण द्रावक उडत राहिल्याने रेषा काही आठवड्यांनी रंगाखालून पुन्हा खोलगट उमटते. मोठ्या फटींसाठी मोटार-रंगाऱ्यांची एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी चालते, मात्र पातळ थरांत. जाड थर आकसतो आणि त्यातील थिनर खालचे प्लॅस्टिक मऊ करतो. कॅनोपीला (वैमानिकाच्या जागेवरील पारदर्शक झाकणाला) फेविक्विक लावू नये. त्याच्या वाफेने काच आतून पांढुरकी होते. येथे फेविकॉल योग्य. नाकाखाली चाक असलेल्या विमानात मुख्य चाकांच्या पुढे वजन भरावे लागते, नाहीतर प्रतिकृती शेपटीवर बसते. गळाचे शिसे किंवा सायकलच्या दुकानातील छर्रे पुरतात. धड बंद करण्याआधी चाकांच्या जागी आधार देऊन तोल पाहावा.

भारतीय विमान करताना संचावरील नावापेक्षा उपप्रकार पाहणे आवश्यक असते. एअरफिक्सचा १:७२ मधील जुना नॅट हा दोन आसनी प्रशिक्षक टी.१ आहे. भारताने वापरला तो एक आसनी लढाऊ नॅट. हवाई दलाचे वैमानिक निर्मलजीत सिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर याच प्रकारातून लढले. प्रशिक्षकाचे धड लांब व पंख वेगळे असल्याने मागचे आसन बुजवून काम भागत नाही. मिग-२१ एफएल आणि पीएफएम यांचीही अशीच गल्लत होते. एफएलची कॅनोपी पुढच्या काचेसह एकसंध असून पुढच्या बिजागरीवर उघडते. पीएफएममध्ये पुढची काच स्थिर, मागचा भाग बाजूला उघडणारा. एफएलला अंगभूत तोफ नाही, पोटाखाली जीपी-९ तोफपेटी लागते. एम आणि बिस या नंतरच्या प्रकारांचा पाठीचा कणा जाड असल्याने त्यांच्या संचातून एफएल करता येत नाही.

सर्वाधिक वाद रंगांचा. हंटर आणि कॅनबेरा ही विमाने ब्रिटनमधून आली तेव्हा वरून डार्क ग्रीन व डार्क सी ग्रे, म्हणजे बीएस ३८१सी या ब्रिटिश रंगप्रमाणकातील ६४१ व ६३८, आणि खालून रुपेरी अशी मांडणी होती. येथपर्यंत मतभेद फारसे नाहीत. सोव्हिएत विमानांबाबत मात्र तयार रंगाच्या बाटलीवर विसंबता येत नाही. मिग-२१ एफएल उघड्या धातूच्या रंगात आली आणि १९७१ च्या युद्धाच्या सुमारास त्यांच्यावर घाईने छद्मरंग चढवले गेले. दोन विमानांचे पट्टे सारखे नसतात, कडा ब्रशच्या असतात. काही जण यासाठी एकच ठरावीक हिरवा सुचवतात. छायाचित्रे पाहता तो आग्रह टिकत नाही. ओव्हरहॉलनंतर विमान नव्याने रंगवले जाते आणि उन्हात ते पुन्हा फिकट होते, म्हणून विमानाचा क्रमांक आणि वर्ष आधी ठरवून त्याच काळाचे छायाचित्र समोर ठेवणे हीच विश्वासार्ह रीत होय. चिन्हांचेही तसेच. १९४२ नंतर जपानी लाल गोलाशी गोंधळ टाळण्यासाठी हवाई दलाच्या वर्तुळाकार चिन्हातील लाल काढला गेला. स्वातंत्र्यानंतर, १९५० पर्यंत, निळे अशोकचक्र दिसते. पुढे बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. जुन्या संचांत केशरी बहुधा तांबडा छापलेला असतो.

नागपुरात रंगकाम ऋतूवर ठरते. एअरब्रशसाठी ०.३ मिमी. नोझल, १५ ते २० पीएसआय दाब, आणि दुधाइतका पातळ केलेला ॲक्रिलिक रंग ही सर्वसाधारण मापे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना या मापांनी थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. रंग सुईच्या टोकावर साठून थुंकल्यासारखा उडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पातळ केल्यास हा दोष वाढतो, कारण ते फार लवकर उडते. कंपनीचे थिनर, त्यात रिटार्डरचे (वाळणे लांबवणाऱ्या द्रवाचे) काही थेंब, अंतर ५ सेंमी.पर्यंत कमी आणि वेळ पहाटेची, हा त्यावर उपाय. कूलर बंद ठेवावा. त्याच्या झोतातून गवताचे तंतू आणि दमट हवा दोन्ही ओल्या रंगावर येतात. पावसाळ्यात उलटा त्रास : लॅकर उडताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर बाष्प धरते आणि चकाकी पांढरट पडते. कोरड्या दिवशी नुसत्या थिनरचा हलका फवारा दिल्यास ती बहुधा परत येते. इतवारीच्या बाजारात मिळणारे साधे एनसी थिनर रंगाची भांडी धुण्यापुरते ठेवावे. जाड फवाऱ्यात ते बारीक रेषा वितळवते. डिसेंबर-जानेवारीतील कोरडी, सौम्य हवा सर्वांत अनुकूल, विशेषतः उघड्या धातूच्या रंगासाठी. तो चकचकीत काळ्या थरावर देतात आणि खालचा प्रत्येक ओरखडा त्यात दिसतो.

डिकॅल (पाण्यात भिजवून कागदावरून सोडवायची छापील चिन्हे) चकचकीत थरावरच लावतात. मॅट पृष्ठभागाच्या सूक्ष्म खड्ड्यांत हवा अडकली की पारदर्शक कडा चंदेरी दिसते. सुईने टोचून पुन्हा सॉफ्टनर (डिकॅल मऊ करणारे द्रव) सोडल्यास ती बसते. सॉफ्टनरने डिकॅल आधी सुरकुततो. तेव्हा त्याला हात लावू नये. गडद हिरव्यावर पांढऱ्याचा आरपारपणा जाणवतो, म्हणून खाली पांढरे वर्तुळ रंगवून घेणे चांगले. डिकॅलचा पिवळा पडलेला कागद खिडकीच्या काचेच्या आतून उन्हाकडे चिकटवल्यास काही दिवसांत उजळतो. पावसाळ्यात उरलेले कागद सिलिका जेलसह हवाबंद पिशवीत ठेवतात.