जुग्यो केंक्यू (पाठ-अभ्यास)

जुग्यो केंक्यू : शिक्षकांनी मिळून एखादा पाठ आखायचा, त्यांच्यापैकी एकाने तो खऱ्या वर्गावर घ्यायचा, बाकीच्यांनी मुलांवर नजर ठेवून तो पाहायचा आणि शाळा सुटल्यावर एकत्र बसून त्याची चिकित्सा करायची, अशी जपानमधील शिक्षकांची रूढ कार्यपद्धती. जपानी भाषेत ‘जुग्यो’ म्हणजे वर्गातील अध्यापन आणि ‘केंक्यू’ म्हणजे संशोधन. मराठीत ‘पाठ-अभ्यास’ म्हणता येते, पण ‘पाठ’ म्हटले की आपल्याला आधी पाढे आठवतात. म्हणून येथे मूळ शब्दच ठेवला आहे. हेच दोन शब्द उलटे केले की ‘केंक्यू जुग्यो’ होते. त्याचा अर्थ संशोधन-पाठ, म्हणजे या साऱ्या खटाटोपातला प्रत्यक्ष वर्गात घेतला जाणारा तास.

या पद्धतीचा उगम मेइजी काळात, म्हणजे जपानच्या आधुनिकीकरणाच्या काळात आहे. १८७२ साली ‘गाकुसेई’ हा शिक्षणविषयक हुकूम निघाला आणि त्याच वर्षी टोकियोत शिक्षक तयार करणारी नॉर्मल स्कूल सुरू झाली. त्याआधीच्या ‘तेराकोया’ शाळा बऱ्याचशा आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेसारख्या होत्या. प्रत्येक मूल आपापला कित्ता गिरवत बसे आणि गुरुजी एकेकाला जवळ घेऊन शिकवत. फळ्यासमोर उभे राहून सगळ्या वर्गाला एकच धडा एकदम शिकवायचा, ही गोष्ट जपानी शिक्षकांनी पाहिलेलीच नव्हती. मॅरियन स्कॉट या अमेरिकी शिक्षकाने टोकियोच्या नॉर्मल स्कूलमध्ये ती करून दाखवली. ‘दुसऱ्याचा तास पाहून शिकायचे’ ही सवय लागली ती अशी गरजेपोटी. पुढे पाहण्याला टीकेची जोड मिळाली आणि पाठानंतर चर्चासभा भरू लागल्या.

१८८७ मध्ये एमिल हाउसक्नेख्ट हा जर्मन अध्यापक टोकियोच्या विद्यापीठात आला आणि त्याच्याबरोबर जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टची शिक्षणपद्धतीही आली. डी.एड., बी.एड. केलेल्या मराठी वाचकाला येथे ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटेल, कारण प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन करत जाणाऱ्या आपल्या पाठ टाचणातील पंचपदी (पाठाच्या पाच पायऱ्या) याच घराण्यातली. फरक पुढे पडला. आपल्याकडे सराव पाठ आणि पाठ निरीक्षण हा छात्राध्यापकाचा विषय राहिला. नोकरी लागली की वर्गात मागे येऊन बसणारा माणूस म्हणजे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी, आणि त्याच्या हाती शेरेबुक. जपानमध्ये वीस वर्षे नोकरी झालेला शिक्षकही आपला तास सहकाऱ्यांसमोर मांडतो.

संशोधन-पाठाची तयारी काही आठवडे चालते. सुरुवात होते ‘क्योझाई केंक्यू’ने. यात पाठ्यपुस्तक, शिक्षक-पुस्तिका, मागच्या-पुढच्या इयत्तांत तोच विषय कसा येतो आणि मुले कुठे अडखळतात, याचा अभ्यास होतो. बाहेरच्या माणसाला यात काय एवढे असे वाटते. पहिलीच्या वर्गातले एक गणित घेतले की कळते. दशक सुटा करून वजाबाकी करण्याचा पहिला तास आहे. मुलांपुढे पहिले उदाहरण कोणते ठेवायचे? १२ - ३ ठेवले तर बहुतेक मुले आधी दोन काढतील, दहावर येतील आणि आणखी एक काढतील. पायरीपायरीने वजा करण्याच्या या रीतीला जपानी शिक्षक ‘गेंगेन-हो’ म्हणतात. १३ - ९ ठेवले तर चित्र बदलते. नऊ हे दहाच्या इतके जवळ आहेत की दहातूनच नऊ काढणे सोपे पडते. उरला एक, त्यात बाजूचे तीन मिळवले की चार. ही ‘गेंका-हो’, आधी वजा मग अधिक. जपानमध्ये अंडी दहाच्या खोक्यात मिळतात. एक भरलेले खोके आणि तीन सुटी अंडी समोर मांडली, तर नऊ काढायला मुलाचा हात खोक्याकडे जाईल. तेरा गोट्यांचा ढीग ठेवला, तर ते एकेक मोजत बसेल. आकडा कोणता आणि वस्तू कोणती, यावर चार-पाच अनुभवी शिक्षक तासन्‌तास वाद घालतात, कारण मुलांच्या डोक्यात कोणती रीत उगवेल हे तेथेच ठरते.

(जपानी मुलाला भाषेचीही मदत असते. तेराला तेथे ‘जू-सान’ म्हणतात, म्हणजे सरळ ‘दहा-तीन’. आपल्या ‘तेरा’त दहा दिसत नाहीत. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ अशा संख्यावाचनावरून २०१९ मध्ये महाराष्ट्रात जो गदारोळ झाला आणि विधिमंडळापर्यंत पोहोचला, त्याच्या मुळाशी हीच अडचण होती.)

एवढा खल झाल्यावर टाचण लिहिले जाते. ते अनेक पानांचे असते आणि त्यातला सर्वांत मोलाचा रकाना म्हणजे मुलांची संभाव्य उत्तरे. बरोबर उत्तर एकच असले तरी तेथे पोहोचायच्या वाटा किती, चुकीची उत्तरे कोणती येतील, ती कशामुळे येतील आणि आली तर शिक्षकाने काय करायचे, हे आधीच लिहून ठेवतात. आपल्या टाचणात ‘शिक्षककृती’ आणि ‘विद्यार्थिकृती’ असे रकाने असतात. त्यातल्या दुसऱ्यात बहुधा ‘विद्यार्थी उत्तरे देतील’ एवढेच असते.

अध्यापनाच्या निरनिराळ्या पद्धती या चौकटीत तपासल्या जातात आणि त्यांना जपानी शिक्षकांनी स्वतःचे शब्द घडवले आहेत. ‘हात्सुमोन’ म्हणजे पाठाचा कणा असलेला प्रश्न. तो शब्दशः ठरवलेला असतो, कारण एक शब्द इकडचा तिकडे झाला की मुले वेगळ्याच वाटेला लागतात. मुले आपापले सोडवू लागली की शिक्षक बाकांमधून फेरी मारतो. ही फेरी कॉपी पकडण्यासाठी नसते. हातातल्या आसन-तक्त्यावर कोणी कोणती रीत वापरली याची नोंद करत, पुढे कोणाला कोणत्या क्रमाने फळ्याकडे बोलवायचे हे तो मनात ठरवत असतो. त्यानंतरचा टप्पा ‘नेरिआगे’. माती किंवा कणीक मळण्याच्या क्रियेवरून हा शब्द आला आहे. मुलांच्या वेगवेगळ्या रीती समोरासमोर ठेवायच्या आणि कोणती सोपी, कोणती दर वेळी चालते, दोघींत सारखे काय, यावर वर्गाकडून चर्चा मळून घ्यायची. कणीक कमी तिंबली तर पोळी फाटते, तसेच येथे. तीन मुलांनी तीन रीती सांगितल्या आणि शिक्षकाने ‘शाबास’ म्हणून तास संपवला, तर नेरिआगे झालेच नाही, असे चर्चेत स्पष्ट सांगतात.

‘बान्शो’ म्हणजे फळ्यावरचे लेखन. यातला दंडक असा की तासाभरात लिहिलेले शक्यतो पुसायचे नाही. डावीकडे प्रश्न, मध्ये मुलांच्या रीती, उजवीकडे निष्कर्ष, अशी फळ्याची मांडणी आधीच कागदावर आखलेली असते. त्यामुळे तास संपताना सगळा पाठ एका नजरेत दिसतो आणि मघाशी चुकलेल्या मुलाची रीतही फळ्यावरच असते.

निरीक्षक शिक्षक भिंतीलगत उभे राहतात किंवा बाकांजवळ येतात, पण मुलांना मदत करायची नाही असा संकेत आहे. एखादी मुलगी अडली आहे हे दिसत असूनही गप्प राहणे शिक्षकी पेशातल्या माणसाला किती जड जाते, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. तासानंतरच्या सभेत पाठ घेणारा आधी बोलतो, मग निरीक्षक. त्यांनी ‘तास छान झाला’ म्हणायचे नसते. अमुक मुलाने वहीत आधी काय लिहिले, मग काय खोडले आणि शेजाऱ्याचे ऐकून काय बदलले, असा पुरावा ठेवायचा असतो. शेवटी बाहेरून बोलावलेला विषयतज्ज्ञ समारोप करतो. टाचण सर्वांनी मिळून केलेले असते, त्यामुळे फसतो तो पाठ सगळ्यांचाच असतो. शिक्षकाची झडती घेणे आणि पाठाची चिकित्सा करणे यांत जपान्यांनी केलेला हा भेद माझ्या मते या पद्धतीचा गाभा आहे.

जपानमध्येही सगळीकडे एकच साचा नाही. प्राथमिक शाळांत ही प्रथा जोमदार आहे, उच्च माध्यमिकमध्ये ती पातळ होत जाते. विद्यापीठांना जोडलेल्या शाळांत खुल्या सभा भरतात आणि देशभरातून शिक्षक तास पाहायला येतात. असे तास पुष्कळदा नाटकाच्या प्रयोगासारखे घोटीव होतात, ही टीका जपानी शिक्षकच करतात. मानाबू सातो या जपानी शिक्षणतज्ज्ञांनी त्याला पर्याय दिला. चिगासाकी येथील हामानोगो प्राथमिक शाळेत १९९८ पासून त्यांच्या मार्गदर्शनाखाली उभ्या राहिलेल्या प्रयोगात मुलांचे चौघाचौघांचे गट, एकमेकांकडे तोंड होईल अशी बैठक आणि बोलण्याइतकेच ऐकण्याला महत्त्व, यांवर भर होता. चर्चेत ‘कसे शिकवले’ यापेक्षा ‘कोण कुठे शिकले आणि कुठे सुटले’ हे विचारले जाऊ लागले.

जपानबाहेर या पद्धतीचा बोलबाला झाला तो १९९९ नंतर. जर्मनी, जपान व अमेरिका येथील आठवीच्या गणिताच्या तासांच्या चित्रफितींची तुलना करून जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांनी त्या वर्षी पुस्तक लिहिले आणि अमेरिकेत जिकडेतिकडे पाठ-अभ्यासाचे गट निघाले. झांबिया, इंडोनेशिया येथे ती जपानी सरकारच्या साहाय्यातून गेली. हाँगकाँगमध्ये शिक्षणतज्ज्ञ फेरेन्स मार्टन यांच्या विचरण सिद्धांताशी (फरक समोर आला की गोष्ट कळते, असे मानणारा सिद्धांत) तिची सांगड घातली गेली.

परिणामांचे चित्र मात्र सरळ नाही. इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत, जिचा अहवाल २०१७ मध्ये आला, प्राथमिकच्या मुलांच्या गणित-वाचनात सुधारणा आढळली नाही. त्याच वर्षी कॅथरिन लुईस आणि रिबेका पेरी यांनी प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी चाचणीत अपूर्णांकांच्या बाबतीत शिक्षक आणि मुले दोघांचीही प्रगती दिसली. तेथे गटांना अपूर्णांकांवरचे निवडक साहित्य पुरवलेले होते. क्योझाई केंक्यू वगळून नुसती पाहणी आणि चर्चा उचलली तर उरते ती आणखी एक बैठक, असा याचा अर्थ लावता येतो.

वेळेचा प्रश्नही मोठा आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेने केलेल्या शिक्षकांच्या २०१८ च्या पाहणीत जपानमधील कनिष्ठ माध्यमिक शिक्षकांचा कामाचा आठवडा ५६ तासांचा भरला, सहभागी देशांची सरासरी ३८.३ तास होती. महाराष्ट्रात केंद्रस्तरावरील शिक्षण परिषद ही याच्या सर्वांत जवळची जागा. तेथे आदर्श पाठ होतो, परंतु पुष्कळदा तो समोर मुले नसताना, शिक्षकांनाच विद्यार्थी करून घेतला जातो. मग १३ - ९ सोडवताना बोटे कोण मोजते, हे पाहायला कोणीच मिळत नाही.