नव्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष : वॉशिंग्टन यांचा कारभार (1789–1797)

नवीन देश उभा राहिला की त्याच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाजवळ तिजोरी नसते, सवयीचे कर्मचारी नसतात आणि मागचा कोणता पायंडाही नसतो, तो जे करेल तोच पुढे रिवाज होतो. अमेरिकेच्या जॉर्ज वॉशिंग्टन यांचं असंच झालं. 30 एप्रिल 1789 ला त्यांनी न्यूयॉर्कला शपथ घेतली, आणि तिथं जायला त्यांना स्वतःलाच उसने पैसे काढावे लागले, म्हणजे वावर भरपूर पण हाती नगद नाही, हे दुखणं आपल्या कास्तकाराला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. त्यांना काय म्हणायचं यावरही सिनेटात, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, बराच खल झाला, मोठमोठ्या पदव्या सुचवल्या गेल्या, शेवटी साधं 'मिस्टर प्रेसिडेंट' ठरलं.

खरी अडचण कर्जाची होती. स्वातंत्र्ययुद्धामुळे देशाच्या डोक्यावर सुमारे 5 कोटी 40 लाख डॉलर आणि राज्यांच्या डोक्यावर अंदाजे अडीच कोटी डॉलर असं कर्ज झालं होतं. सैनिकांना पगाराऐवजी नंतर पैसे द्यायचं वचन असलेले सरकारी कागद मिळाले होते आणि घरी खायला नाही म्हणून कित्येकांनी ते दलालांना मातीमोल भावात विकून टाकले. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी 1790 मध्ये योजना मांडली की आज ज्याच्या हातात कागद आहे त्याला पूर्ण रकमेच्या हिशोबानं पैसा द्यायचा. संसद सदस्य जेम्स मॅडिसन म्हणाले की मूळ सैनिकालाही वाटा द्या, पण काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, ती सूचना 36 विरुद्ध 13 मतांनी पडली.

आमच्या घरचा कापूस असाच जायचा. डिसेंबरात खेडा खरेदीची गाडी दारात यायची, बी-खताची उधारी डोक्यावर असल्यामुळे बाबा आहे त्या भावात काट्यावर चढवायचे आणि मार्चात भाव चढला की तो नफा दुसऱ्याच्या घरी जायचा. म्हणून मला मॅडिसन यांचं म्हणणं पटतं. पण हॅमिल्टन यांचंही एक खरं होतं, सरकारनं आपल्याच कागदाची किंमत ठेवली नाही तर उद्या त्याला कोणी उधार देणार नाही. वॉशिंग्टन यांनी हीच बाजू उचलली आणि देशाची पत सावरली. राज्यांचं कर्जही केंद्रानं घ्यायचं ठरलं, त्या बदल्यात राजधानी दक्षिणेकडे पोटोमॅक नदीकाठी न्यायचा सौदा झाला. 1791 ला राष्ट्रीय बँकही निघाली, परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांचा तिला कडाडून विरोध होता.

आता हे फेडायला पैसा आणायचा कुठून, तर 1791 ला व्हिस्कीवर कर बसला. पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेकडचे शेतकरी डोंगरापलीकडे राहायचे, धान्याची पोती घोड्यावर लादून पूर्वेच्या बाजारात नेणं परवडायचं नाही, म्हणून ते धान्याची दारू गाळायचे, ती कमी जागेत जायची आणि गावात पैशासारखी चालायचीही. कर मात्र रोख मागितला, मोठ्या भट्टीवाल्याला तो कमी पडायचा अन् लहानाला जास्त, आणि खटला झाला की पार फिलाडेल्फियाच्या कोर्टात जावं लागायचं. जुलै 1794 मध्ये लोकांनी कर निरीक्षकाचं घर जाळलं. वॉशिंग्टन यांनी आधी बोलणी करायला माणसं पाठवली, मग सुमारे 13,000 शिपाई गोळा केले आणि वाटेत काही मजल स्वतः त्यांच्यासोबत गेले. लढाई झालीच नाही, लोक पांगले. देशद्रोहात दोघांना फाशीची शिक्षा झाली होती, त्यांना वॉशिंग्टन यांनी माफी दिली. कायदा मोडू दिला नाही पण गरिबाला फासावरही चढवलं नाही, हे मला त्यांच्या कारभारातलं सगळ्यात मोठं काम वाटतं.

बाहेरच्या देशांशी त्यांचं धोरण सरळ होतं. फ्रान्स-इंग्लंडच्या लढाईत 1793 ला तटस्थ राहायचं जाहीर केलं, नंतर इंग्लंडशी करार केला (बोलणी करणाऱ्या जॉन जे यांच्या नावावरून 'जे करार'), त्यावर लोक भयंकर चिडले, आणि 1795 ला स्पेनकडून मिसिसिपी नदीतून माल न्यायची मोकळीक मिळवली.

पण या कारभाराची काळी बाजूही आहे आणि ती लपवू नये. ओहायोकडच्या मूळनिवासींनी 1791 ला अमेरिकन फौजेचा जबर पराभव केला, नंतर 1794 ला ते हरले आणि पुढच्याच वर्षी ग्रीनव्हिलच्या तहात त्यांची फार मोठी जमीन गेली. वॉशिंग्टन यांच्या स्वतःच्या शेतावर गुलाम राबत होते, आणि पळालेला गुलाम पकडून मालकाला परत द्यायच्या 1793 च्या कायद्यावर सही त्यांचीच आहे.

दोन कार्यकाळ झाल्यावर तिसऱ्यांदा उभं राहायला त्यांनी नकार दिला, मार्च 1797 ला जॉन अॅडम्स यांच्या हाती कारभार गेला आणि ते शेतीवर परतले. व्हिस्कीवरचा कर मात्र तसाच राहिला, तो जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 1802 साली उठला.