सोयाबीन पिवळे पडले? औषध नेण्याआधी रान फिरून या

ग्राहक शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रक : खरीप, सोयाबीन

ऑगस्ट लागला की आमच्या काउंटरवर रोज तेच ऐकू येते : "सोयाबीन पिवळं पडायलंय, काहीतरी चांगलं द्या." सोबत मोबाइलवर एका पानाचा फोटो, तोही बांधावरून काढलेला. एवढ्यावर बुरशीनाशकाचा डबा काढून देणे आम्हाला सोपे आहे. पण सोयाबीन पिवळे पडण्याची जी पाच कारणे आपल्याकडे नेहमी सापडतात, त्यांतले एकही उभ्या पिकावर बुरशीनाशक फवारून बरे होत नाही. आमचा धंदा औषध विकायचा असला तरी हे सांगणे भाग आहे.

रान कसे पाहायचे

आठवड्यातून एकदा, सकाळी ऊन चढायच्या आत. बांधावरून नजर टाकून कळत नाही, आत शिरावे लागते. नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबा आणि प्रत्येक ठिकाणी ओळीतली पाच झाडे खालून वरपर्यंत पाहा. पाने उलटी करा, कारण पांढरी माशी आणि तांबेरा (हा बुरशीचा रोग) दोन्ही पानाच्या खालच्या बाजूला असतात. पाच ठिकाणांत एक पाणी साचणारी सखल जागा आणि एक हलक्या, मुरमाड रानाची जागा हवीच. रोग बहुधा तिथूनच सुरू होतो.

पिवळेपणा कोणता आहे

शेंड्याची नवी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या. ही लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत किंवा झड लागून रानात पाणी थांबले की मुळांना लोह उचलता येत नाही. आधी साचलेले पाणी काढा. वाफसा आला की बरेच रान आपोआप हिरवे होते. नाहीच झाले तर सूक्ष्म अन्नद्रव्य ग्रेड-२, १० लिटरला ५० मिली फवारा. हा रोग नाही.

पानावर हिरव्या-पिवळ्या रंगाचे वेडेवाकडे चट्टे. हा पिवळा मोझॅक, म्हणजे विषाणू. याची झाडे सुरुवातीला रानात एकेकटी, विखुरलेली दिसतात, तर लोहाच्या कमतरतेत पट्टाच्या पट्टा पिवळा होतो. विषाणूवर औषध नाही, ते कुठल्याही कंपनीकडे नाही. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, म्हणून पहिली पाच-दहा झाडे दिसताच उपटून पुरून टाका. एकरी दहा पिवळे चिकट सापळे लावा. माशी वाढलेली दिसली तर थायामिथोक्झाम १२.६ टक्के + लॅमडा सायहॅलोथ्रीन ९.५ टक्के झेडसी, एकरी ५० मिली. हेच औषध आठ-आठ दिवसांनी पुन्हा पुन्हा मारू नका, मित्रकीटक मरतात आणि माशी आणखी वाढते. युरियाने लुसलुशीत झालेल्या पिकावर माशी आधी बसते, हेही ध्यानात असू द्या. २०२३ च्या सप्टेंबरात विदर्भ-मराठवाड्यात उभी शिवारे पिवळी झाली, तेव्हा लोकांनी टॉनिकपासून बुरशीनाशकापर्यंत सगळे मारून पाहिले. एकदा सगळे रान पिवळे झाल्यावर पंप उचलून उपयोग नसतो.

झाड मलूल, पाने पिवळी, पण चट्टे नाहीत. झाड उपटा आणि खोड चाकूने मधोमध उभे चिरा. आत लालसर, नागमोडी भुयार दिसले तर खोडमाशी. देठावर किंवा खोडावर दोन गोल चक्रे आणि त्यांच्या वरचा भाग सुकलेला, तर चक्रीभुंगा. दोन्ही किडीच आहेत.

खोड-मुळाची साल सोलल्यावर कोळशाची पूड शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके. ही कोळसा कूज, बरेच जण चारकोल रॉट म्हणतात. फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना पावसाने दडी मारली आणि जमीन तापली की ही येते. झाड वाळते तरी पाने गळत नाहीत, तशीच लटकून राहतात. वाळलेले झाड परत येत नाही. शेजारची वाचवायची तर तुषारने एक पाणी द्या, त्याची बरोबरी कुठला डबा करत नाही. रब्बी ज्वारीतला खडखड्या याच बुरशीमुळे होतो, त्यामुळे सोयाबीनवर ज्वारी घेतली म्हणून ही बुरशी रानातून जाते असे नाही. बियाण्याला कार्बोक्झिन + थायरम किलोला ३ ग्रॅम किंवा ट्रायकोडर्मा (ही मित्रबुरशी) ८ ते १० ग्रॅम लावणे हा यावरचा स्वस्त उपाय, पण तो जूनमध्येच करायचा असतो. बी चोळू नका, सोयाबीनची साल नाजूक असते.

मग बुरशीनाशक कधी?

गंमत अशी, की त्याची खरी गरज असते तेव्हा रान बहुधा हिरवेगार दिसत असते. फुले-शेंगांच्या वेळी झड लागली की देठ, खोड आणि शेंगांवर गडद तपकिरी, वेडेवाकडे डाग येतात आणि त्यात बारीक काळे ठिपके दिसतात. हा शेंगेवरचा करपा. यावर टेब्युकोनॅझोल १० टक्के + गंधक ६५ टक्के, एकरी ५०० ग्रॅम, २०० लिटर पाण्यातून. पाणी कमी करून डोस घट्ट करू नका, पान भिजले नाही तर औषध वाया.

तांबेरा मुख्यतः सांगली-कोल्हापूर-सातारा पट्ट्यातला. पानाखाली तपकिरी पुळ्या येतात आणि बोट फिरवले की पूड लागते. हेक्साकोनॅझोल ५ ईसी, १० लिटरला १० मिली. त्या भागात फुले संगम, फुले किमया हे कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचे वाण याला बऱ्यापैकी तोंड देतात.

दुकानात येताना

पान नको, मुळासकट दोन झाडे आणा : एक आजारी, एक अर्धवट आजारी. पूर्ण वाळलेल्या झाडावरून फारसे कळत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये घाम येऊन झाड कुजते. पेरणी कधी केली, कुठला वाण, आधी कुठले तणनाशक आणि काय काय मारले, हे लिहून आणा. तणनाशकाचा पंप न धुता वापरल्यानेही पाने पिवळी पडतात आणि हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. यवतमाळला २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे गेली. हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पाठीमागून वारा. गडी लावला असेल तर त्यालाही हेच. चार औषधे एका पंपात कालवू नका.

बिलावर बॅच नंबर आहे ना ते बघूनच दुकान सोडा आणि काढणी होईपर्यंत बिल जपून ठेवा. आमच्या सल्ल्यावर शंका असेल तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर विचारा, फोन फुकट आहे, मराठीत बोलतात. झाडे दाखवायला सकाळी दहाच्या आत या, नंतर गर्दीत खोड चिरून बघायला सवड मिळत नाही.