परीकथांचे कुमारवयीनांसाठी पुनर्कथन

परीकथांचे पुनर्कथन : सिंड्रेला, हिमगौरी, रापुन्झेल, लाल टोपीवाली अशा रूढ परीकथांचा सांगाडा घेऊन साधारण १२ ते १८ वर्षांच्या वाचकांसाठी नव्याने रचलेली कथा किंवा कादंबरी. संक्षेपात गोष्ट आखडते, इथे ती वाढते. मुळातली चार-पाच पानांची गोष्ट पुनर्कथनात पुष्कळदा तीनशे पानांची कादंबरी होते. ही वाढ प्रसंगांची कमी आणि माणसांच्या मनाची जास्त असते.

परीकथा म्हणजे लहान मुलांचा खाऊ, ही समजूत या कथांवर अन्याय करणारी आहे. कथांमधली वयेच पाहावीत. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या निद्रिस्त राजकन्येला चाती टोचते ती वयाच्या पंधराव्या वर्षी. रापुन्झेलला मनोऱ्यात कोंडले जाते तेव्हा ती १२ वर्षांची असते. हान्स क्रिस्टियन अँडरसनच्या १८३७ मधल्या जलपरीला पाण्याबाहेर डोके काढून जग पाहायची मुभा मिळते तीही १५ पूर्ण झाल्यावरच. घर सुटणे, आईशी चढाओढ, गोड बोलणाऱ्या परक्याची भीती, आपल्याच शरीराचे अनोळखी होणे हे या कथांचे विषय आहेत. कुमारवयीनांसाठी लिहिणारे आजचे लेखक कथा परक्या वाचकाकडे नेत नाहीत. ती ज्याची होती त्याच्याच हाती परत देतात.

पुनर्कथनाची परंपराही जुनीच. शार्ल पेरो याच्या १६९७ मधल्या फ्रेंच संग्रहात लाल टोपीवाली लांडग्याच्या पोटात जाते आणि गोष्ट तिथेच संपते, शिकारी येत नाही. शेवटच्या पद्यात पेरो तरुण मुलींना बजावतो, की सौम्य वागणारे लांडगे सर्वांत घातक. ‘सुंदरी आणि पशू’ ही कथा मादाम द व्हिलनव्ह यांनी १७४० मध्ये दीर्घ रूपात लिहिली. इंग्लंडमध्ये मुलींना शिकवणाऱ्या मादाम ल प्रँस द बोमाँ यांनी १७५६ मध्ये ती आटोपशीर केली आणि शिक्षिका व विद्यार्थिनी यांच्या संवादांच्या पुस्तकात घातली. आज सर्वत्र सांगितली जाते ती मुख्यतः हीच. वाढत्या वयाच्या मुलींसाठी जाणीवपूर्वक केलेले हे एक आरंभीचे पुनर्कथन म्हणता येईल.

ग्रिम बंधूंचा संग्रह १८१२ आणि १८१५ मध्ये दोन खंडांत निघाला आणि १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत त्यावर हात फिरत राहिला. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९ मध्ये तिची सावत्र आई झाली. आईला मुलीचा मत्सर वाटू शकतो हे सत्य लहानांना झेपणार नाही, म्हणून ते झाकले गेले. बेडूक-राजपुत्राच्या गोष्टीत तर चुंबन नाहीच. बेडूक बिछान्यात घ्या म्हणून हटून बसतो, तेव्हा राजकन्या संतापून त्याला भिंतीवर आपटते, आणि खाली पडतो तो राजपुत्र. मनाविरुद्ध जवळ येणाऱ्याबद्दलची ती चीड पुढच्या लोकप्रिय आवृत्त्यांतून पुसली गेली. कुमारवयीन पुनर्कथने अशा पुसलेल्या जागा पुन्हा गडद करतात.

आधुनिक लाट १९७० च्या दशकात उठली. स्त्रीवादी समीक्षेने निष्क्रिय नायिकांवर बोट ठेवले होते, आणि १९७६ मध्ये ब्रूनो बेटेलहाइम यांनी परीकथांचा मानसशास्त्रीय अर्थ मांडून वाद पेटवला. रॉबिन मॅकिन्ली यांची १९७८ मधली ‘ब्यूटी’ (म्हणजे सुंदरी) ही ‘सुंदरी आणि पशू’वरची कादंबरी कुमारसाहित्यातला टप्पा ठरली. तिच्या नायिकेला स्वतःचे नावच बोचते, कारण ती स्वतःला मुळीच सुंदर मानत नाही. तिला पुस्तकांचे वेड आहे, आणि पशूच्या ग्रंथालयात अजून लिहिली न गेलेली पुस्तकेही असतात.

लोककथेतल्या पात्रांना आतले मन नसते, ती सपाट असतात, हे लोककथांचे अभ्यासक माक्स ल्यूटी यांनी १९४७ मध्ये दाखवून दिले. पुनर्कथन नेमके त्या सपाटपणाला प्रश्न विचारते. सिंड्रेला सावत्र आईचे सगळे का ऐकते? जुनी गोष्ट सांगते, ती गुणी होती म्हणून. गेल कार्सन लेव्हाइन यांच्या ‘एला एन्चांटेड’ (१९९७) मध्ये आज्ञाधारकपणा हा गुण नाही, तो शाप आहे. जन्मतः परीने दिलेल्या ‘वरदानामुळे’ एलाला कोणाचाही हुकूम मोडता येत नाही. शेवटी राजपुत्र लग्नाबद्दल विचारतो. तिचे त्याच्यावर प्रेम आहे, पण हुकमाची ताबेदार असलेली राणी त्याच्या जिवावर बेतेल हे तिला कळते. जीव एकवटून ती नाही म्हणते, आणि त्या नकारानेच शाप तुटतो. मग दिलेला होकार तिचा स्वतःचा असतो. एका जुन्या कथेचा याहून नेमका उलगडा क्वचितच झाला असेल.

दुसरी वाट खलपात्राच्या बाजूने जाते. डॉना जो नॅपोली यांनी हॅन्सेल-ग्रेटेलची गोष्ट चेटकिणीच्या तोंडून सांगितली (१९९३), आणि ‘झेल’मध्ये (१९९६) रापुन्झेल, राजपुत्र आणि मनोऱ्यात कोंडणारी आई अशा तिघांच्या नजरेतून. मुलगी दूर जाईल या धास्तीने माया कुलूप कशी होते, हे तिथे उघडे पडते. मलिंडा लो यांच्या ‘अ‍ॅश’मध्ये (२००९) सिंड्रेलाचे मन राजपुत्राऐवजी राजाच्या शिकारी स्त्रीवर जडते. मारिसा मायर यांच्या ‘सिंडर’मध्ये (२०१२) ती भविष्यातल्या नव्या बीजिंगमधली अर्धयांत्रिक कारागीर आहे आणि पायऱ्यांवर तिचा बूट नाही, यांत्रिक पायच मागे राहतो. सिंड्रेलाच्या सर्वांत जुन्या ज्ञात रूपांपैकी एक असलेली, येशियन नावाच्या मुलीची कथा नवव्या शतकात चीनमध्येच लिहिली गेली होती.

सगळीच पुनर्कथने साधत नाहीत. नायिकेच्या हाती तलवार दिली आणि मन पूर्वीइतकेच कोरे ठेवले, तर फक्त वेश बदलतो. खलपात्राला दुःखी बालपण देऊन त्याचे क्रौर्य माफ करणे हीसुद्धा सोपी पळवाट आहे. ‘सुंदरी आणि पशू’ तर सर्वांत अवघड. कैदेत ठेवणाऱ्यावर जडलेले प्रेम कुमारवयीन वाचकापुढे कसे मांडावे, याचे उत्तर प्रत्येक लेखकाला नव्याने शोधावे लागते, आणि काही जण ते टाळतात.

निवडीचाही पैस अरुंद आहे. ग्रिमच्या शेवटच्या आवृत्तीत २०० क्रमांकित कथा आहेत, पण पुन्हा पुन्हा लिहिल्या जातात त्या मोजक्याच. ‘सहा हंस’ या कथेत बहीण सहा वर्षे न बोलता, न हसता, जादूने हंस झालेल्या सहा भावांना पुन्हा माणूस करण्यासाठी फुलांचे सदरे शिवते. सरणावर चढवले जात असताना ती ते भावांच्या अंगावर टाकते. शेवटच्या सदऱ्याची डावी बाही राहून गेलेली असते, म्हणून सर्वांत धाकट्या भावाला हाताच्या जागी हंसाचा पंख राहतो. तो पंख घेऊन त्याने पुढचे आयुष्य कसे काढले, याबद्दल मूळ कथेत एक ओळही नाही.